मराठी बायबलमधील ‘लोभ’ आणि ‘समाधान’ : एक अर्थविचार

ख्रिस्ती नीतिविचारात लोभ हा केवळ एक दुर्गुण नव्हे. ईश्वराने दिलेले अपुरे आहे, असा दात्यावरच केलेला तो आरोप होय. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात (३.५) पौल लोभाला मूर्तिपूजा म्हणतो, त्याचे मर्म हेच. दात्यावरची भिस्त साठ्यावर जाऊन बसते. ही शिकवण मराठीत मुख्यतः ‘लोभ’ व ‘समाधान’ या दोन शब्दांच्या आधारे आली. दोन्ही शब्द सुबोध व प्रतिष्ठित आहेत. तथापि त्यांच्यामुळे मूळ शिकवणीचे एक अंग झाकले गेले काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम ‘लोभ’ हा शब्द घेऊ. मूळ ग्रीक शब्द ‘प्लेओनेक्सिया’ हा ‘अधिक’ आणि ‘असणे’ या अर्थांच्या दोन घटकांपासून झाला आहे. ‘अधिक’ म्हटले की कोणापेक्षा, हा प्रश्न ओघानेच येतो. त्या शब्दात शेजाऱ्याचा वाटा गृहीत आहे. लूककृत शुभवर्तमानात (१२.१५) हा शब्द येतो तो भावाभावांतील वारशाच्या तंट्याच्या निमित्ताने, हे लक्षणीय आहे. मराठी ‘लोभ’ मात्र षड्रिपूंच्या मालिकेतील आहे. तो मनाचा विकार, साधकाचा अंतःस्थ शत्रू. शिवाय पत्राच्या अखेरीस ‘लोभ असावा’ असे लिहिणाऱ्या भाषेत या शब्दाला ममतेचीही छटा आहे. परिणामी दोष माणसाच्या चित्तात शोधला जातो आणि हिरावलेला वाटा दृष्टीआड होतो.

‘समाधाना’ची गोष्टही अशीच. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (६.६) ‘औतार्केइया’ या शब्दासाठी प्रचलित मराठी बायबलात ‘चित्तसमाधान’ हा शब्द योजिला आहे. तुकारामांच्या अभंगांवर पोसलेल्या कानांना तो तत्काळ आपला वाटतो. भाषांतर म्हणून हे यशच होय. परंतु तोच ग्रीक शब्द करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (९.८) येतो, तेव्हा त्याचा अर्थ चित्ताची स्थिती एवढाच राहत नाही. आपली गरज भागून सत्कृत्यासाठीही काही उरावे, अशी ती पुरेपणाची अवस्था आहे. स्तोइक तत्त्वज्ञांच्या परिभाषेत हा शब्द स्वयंपूर्णतेचा होता. पौलाने त्याला दानाची दिशा दिली. ‘चित्त’ हे पूर्वपद जोडताच ही दिशा लोपते.

या दोन्ही शब्दांची कसोटी मान्नाच्या कथेत लागते. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात प्रत्येकी एक ओमर असे माप ठरते. अधिक गोळा करणाऱ्याला उरत नाही, कमी गोळा करणाऱ्याला उणे पडत नाही, आणि दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्या अन्नात किडे पडतात. पौलाने हीच कथा गरजूंसाठी वर्गणी मागताना आधारास घेतली (२ करिंथ ८.१५), तीही समानतेच्या समर्थनार्थ. गणनेच्या अकराव्या अध्यायात मान्ना रोज मिळत असूनही लोकांना मिसरातील मासे, काकड्या, कांदे व लसूण आठवतात. मग लावे येतात, आणि ज्याने कमीत कमी जमविले त्याच्यापाशीही दहा होमर भरतात. होमर म्हणजे शंभर ओमर. अर्थात हा साठा एका माणसाच्या रोजच्या मापाच्या हजारपट होतो. त्या स्थळाचे नाव पडते किब्रोथ-हत्तव्वा, म्हणजे वासनेची थडगी.

या दोन अध्यायांतील भेद उपदेशकांनी पुष्कळदा दुर्लक्षिला आहे. कुरकुर दोन्हीकडे आहे. परंतु पहिल्या प्रसंगी ती भुकेल्यांची आहे. ती ईश्वराविरुद्धची ठरूनही तिला उत्तर मिळते ते अन्नाचे. दुसऱ्या प्रसंगी ती पोट भरलेल्यांची आहे, आणि तिला शासन होते. असंतोष हे एकच पाप मानून ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला चित्तसमाधानाचा उपदेश करणे, म्हणजे दुसऱ्या प्रसंगाचा निवाडा पहिल्या प्रसंगावर लादणे होय. मग समाधान प्रारब्धवादाच्या जवळ सरकते आणि ईश्वराच्या पुरवठ्यावरील श्रद्धा ही संपन्नांच्या सोयीची शिकवण बनते.

याचा अर्थ रूढ शब्द टाकून द्यावेत असा नव्हे. नवे शब्द घडविल्याने अर्थ आपोआप येत नाही, आणि रूढ शब्दातही अर्थाची भर घालता येते. याचे उत्तम उदाहरण प्रभूच्या प्रार्थनेतच आहे. तेथील ‘एपिऊसिओस’ हे ग्रीक विशेषण इतके दुर्मिळ आहे की ‘रोजची’, ‘उद्याची’ की ‘आवश्यक तेवढी’, याविषयी मतभेद आहेत. जेरोमने मत्तय व लूक यांच्या लॅटिन पाठांत दोन निरनिराळे शब्द ठेविले. मराठीने ‘रोजची भाकर’ म्हटले. भाकर हे कष्टकऱ्याचे अन्न. ती ताजी खावी, साठवून ठेवण्याजोगी नव्हे. शिवाय ती प्रार्थना ‘मला’ दे असे म्हणत नाही, ‘आम्हांला’ दे असे म्हणते. मान्नाचे माप आणि वाटणी, दोन्ही या छोट्या याचनेत सामावली आहेत. मराठी ख्रिस्ती लेखनातील ‘लोभ’ व ‘समाधान’ या शब्दांचे विवरण याच अनेकवचनाच्या प्रकाशात झाले, तर झाकलेले अंग पुन्हा उजेडात येईल.