ठाकुरदालानातील रिक्त स्थान

कोलकात्यातील जोडासांकोच्या ठाकूरवाड्यासंबंधीचे लेखन बहुधा वंशावळीच्या वाटेने जाते. नीलमणी ठाकुरांनी १७८४ मध्ये वसविलेले घर, द्वारकानाथांचे वैभव, देवेंद्रनाथांची धर्मसाधना आणि अखेर रवींद्रनाथ, अशा क्रमात वास्तू ही प्रतिभेच्या आगमनाची केवळ पूर्वतयारी ठरते. वस्तुतः वाङ्मयाच्या अभ्यासकास या वाड्याचा सर्वाधिक बोलका भाग म्हणजे त्याचा ठाकुरदालान, आणि तोही रिकामा झाल्यानंतरचा.

बंगाली धनिकांच्या वाड्यात अंगणाच्या एका बाजूस उंच जोत्यावर कमानींचे पूजादालन असते. इतर बाजूंचे सज्जे त्याकडे वळलेले. मराठी वाड्याचा चौक उजेड, वारा व घरकाम यांसाठी असतो, देवघर आत असते. येथे मात्र समोर दुर्गेची मूर्ती गृहीत धरूनच अंगणाची रचना झालेली असते. देवेंद्रनाथांच्या ब्राह्मधर्मात मूर्तिपूजेस स्थान नव्हते. त्यांचे बंधू गिरींद्रनाथ यांच्या पश्चात योगमाया देवींनी कुलदेवता लक्ष्मीजनार्दन आपल्याकडे घेतली व द्वारकानाथांनी बांधलेल्या लगतच्या बैठकखान्याच्या इमारतीत संसार मांडला. (गगनेंद्रनाथ व अवनींद्रनाथ याच शाखेचे. ती इमारत पुढे पाडली गेली, याचा स्मारकभक्तीला सोयीस्कर विसर पडतो.) मूळ घरात दालन तेवढे उरले. त्याच अंगणात माघोत्सवाची उपासना होऊ लागली, रवींद्रनाथांची ब्रह्मसंगीते गायिली गेली. मूर्तीसाठी योजलेल्या अवकाशात निराकाराला आळविले जात होते. वास्तूतून काव्य उपजते असा दावा अर्थातच करता येणार नाही. परंतु त्या गीतांतील संबोधिताचे सान्निध्य आणि त्याची अनुपस्थिती ही एकत्र का जाणवतात, याचा विचार केवळ उपनिषदांच्या आधारे पुरा होत नाही.

अंतःपुराची सीमा या धर्मसुधारणेने आपोआप पुसली गेली नाही. ज्ञानदानंदिनी देवी १८६४ मध्ये सत्येंद्रनाथांसमवेत मुंबईस गेल्या, ही घटना घराला पचविणे जड गेले. पारशी स्त्रियांच्या वळणाने साडी नेसण्याची रीत त्यांनी तेथूनच नेली. बाल रवींद्रनाथांची कोंडी निराळी होती. नोकराने आखलेल्या खडूच्या रिंगणात बसून खिडकीतून तळे व वड पाहण्याचा प्रसंग 'जीवनस्मृती'त येतो. 'डाकघर'मधील अमलची खिडकी त्याच्याशी जोडून वाचण्याचा मोह समीक्षेला होतोच, आणि येथे तो सर्वस्वी अनाठायी नाही: १९१७ मध्ये त्या नाटकाचा प्रयोग याच वाड्यातील 'विचित्रा' इमारतीत झाला, आणि आजारी मुलाची बंद खोली ठाकूरवाड्याच्याच भिंतींआड उभारली गेली.