गेथशेमानेतील ‘तरी’

प्रभू येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत मागण्यांचा क्रम ठरलेला आहे. प्रथम पित्याचे नाव, मग त्याचे राज्य, मग त्याची इच्छा. आणि त्यानंतरच आपली भाकर, आपले अपराध, आपले मोह. संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’मध्ये या क्रमाकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. ही प्रार्थना काय मागावे एवढेच शिकवीत नाही, कोणत्या क्रमाने मागावे हेही शिकविते, असे ते म्हणतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. परंतु त्याच गुरूवर, त्याच्या आयुष्यातील सर्वांत बिकट रात्री, स्वतः प्रार्थना करण्याची वेळ आली तेव्हा क्रम उलटला. आधी प्याला दूर करण्याची विनवणी आली आणि पित्याची इच्छा मागून आली. शिकविताना एक आणि करताना दुसरे, असे तर नव्हे? हा प्रश्न प्रवचनांत सहसा टाळला जातो. शुभवर्तमानांचे वाङ्मय म्हणून वाचन करणाऱ्याला मात्र तो टाळता येत नाही.

मार्कचा वृत्तान्त सर्वांत जुना आणि सर्वांत खडबडीत. त्याचा येशू जमिनीवर पडतो. मार्क त्याची विनवणी आधी स्वतःच्या शब्दांत सांगतो, आणि मग जणू तेवढ्याने समाधान न होऊन येशूचे शब्दच आपल्यापुढे ठेवतो. त्यांतला पहिला शब्द ‘अब्बा’. ग्रीक भाषेत लिहिलेल्या चारही शुभवर्तमानांत हा अरामी शब्द केवळ येथेच आढळतो. घरातले मूल बापाला ज्या शब्दाने हाक मारते तो शब्द मार्कने भाषांतर करून टाकून दिला नाही, जपून ठेवला. त्यानंतर विश्वासाचे विधान येते: पित्याला सर्व काही शक्य आहे. मग उघडीवाघडी मागणी. आणि मग ‘तरी’.

या ‘तरी’चे वजन त्याच्या आधी काय आले आहे त्यावर अवलंबून आहे. मागणी काढून टाकली तर ‘तरी’ला जोडायला काही उरतच नाही. मराठी व्याकरण जाणणाऱ्याला हे सांगावयास नको. ज्याने काही मागितलेच नाही त्याचे ‘तुझी इच्छा’ हे शब्द समर्पण नसून केवळ सौजन्य असू शकतात.

मत्तय येथे अधिक कुशल लेखक ठरतो. त्याच्या बागेत येशू तीनदा प्रार्थना करतो आणि पहिल्या व दुसऱ्या प्रार्थनेत शब्द बदलतात. पहिल्यांदा, शक्य असल्यास प्याला टळावा, अशी मागणी आहे. दुसऱ्यांदा, तो प्यायल्यावाचून टळणार नसेल तर, अशी सुरुवात आहे. म्हणजे मधल्या वेळात काहीतरी घडले आहे. आकाशातून वाणी नाही, देवदूत नाही. झोपलेले तीन मित्र पाहून तो परत आला, एवढेच. आणि या दुसऱ्या प्रार्थनेचा शेवट ज्या शब्दांनी होतो ते मूळ ग्रीकमध्ये प्रभूच्या प्रार्थनेतील तिसऱ्या मागणीचेच शब्द आहेत, अक्षरशः तेच. मत्तयाने सहाव्या अध्यायात डोंगरावर पेरलेले वाक्य सव्विसाव्या अध्यायात बागेत उगवते. आमच्या मते आरंभी मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. प्रभूच्या प्रार्थनेतील क्रम हा जेथे पोचायचे त्या ठिकाणाचा क्रम आहे. गेथशेमाने ही तेथे पोचण्याची वाट आहे. येशू वाटेवरून गेला, वरून उडत गेला नाही.

ते तीन मित्र कोण, हेही विसरता कामा नये. पेत्र, आणि जब्दीचे दोन पुत्र याकोब व योहान. याच दोघा भावांनी राज्यात उजव्या-डाव्या बाजूची आसने मागितली होती. (मत्तयाने ही मागणी त्यांच्या आईच्या तोंडी घातली आहे, आपल्या धर्मग्रामांतील माताभगिनींनी त्याबद्दल त्याच्यावर रागावू नये.) तेव्हा येशूने विचारले होते, मी पिणार आहे तो प्याला तुम्हाला पिता येईल काय? आणि दोघांनी क्षणाचाही विलंब न लावता होकार दिला होता. आता तो प्याला खरोखर समोर आला आहे आणि दोघेही झोपले आहेत. ‘प्याला’ ही प्रतिमा जुन्या करारातून आली आहे. यशया आणि यिर्मया यांच्या ग्रंथांत तो देवाच्या क्रोधाचा प्याला आहे, तर स्तोत्रांत तो भरून वाहणारा आणि तारणाचाही. ज्या भोजनावरून उठून ही मंडळी बागेत आली तेथेही एक प्याला फिरला होता.

लूकने क्रमाचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. त्याचा येशू जमिनीवर कोसळत नाही, गुडघे टेकतो. ‘तुझी इच्छा असेल तर’ अशा आशयाने तो आरंभ करतो आणि पित्याच्या इच्छेवरच थांबतो. मागणी दोन इच्छांच्या मध्ये, जणू ओंजळीत धरलेली आहे. योहानाने तर हा प्रसंग बागेतून वगळलाच. व्याकूळ होण्याचा क्षण त्याने बाराव्या अध्यायात हलविला, आणि बागेत आपल्याला भेटतो तो पेत्राला तलवार म्यान करावयास सांगणारा, प्याला हाती घेतलेला येशू. योहानाचे चित्र भव्य आहे. दुखणाइताच्या उशाशी मात्र आम्ही मार्कच वाचू.

येशूचे भय काही जुन्या वाचकांना अडचणीचे वाटले. देवाच्या पुत्राला भय कसे? चर्चने याचे उत्तर सहजासहजी दिले नाही. सातव्या शतकात, ख्रिस्ताला एकच, दैवी इच्छा होती असे म्हणणारा पक्ष प्रबळ झाला तेव्हा संत मॅक्सिमस यांनी याच प्रार्थनेवर बोट ठेवले. माझी नव्हे, तुझी, असे म्हणणाऱ्याला स्वतःची मानवी इच्छा असलीच पाहिजे. या मतापायी त्यांना छळ सोसावा लागला आणि ६६२ मध्ये ते हद्दपारीत मरण पावले. पुढे ६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने ख्रिस्ताच्या दोन इच्छा मान्य केल्या. म्हणजे गेथशेमानेतील मागणी ही चर्चच्या श्रद्धेच्या दृष्टीने लाजिरवाणी गोष्ट नाही, तो सिद्धान्ताचा आधार आहे. १५३५ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये मृत्यूची वाट पाहत असताना संत थॉमस मोर यांनी लिहावयास घेतले ते पुस्तकही याच बागेवर होते. भित्र्या माणसालाही आपल्या मागून चालता यावे म्हणून ख्रिस्ताने भय स्वीकारले, असा धीर ते त्यात देतात. येशूला पकडण्याच्या प्रसंगाशी ते पुस्तक थांबते. त्याच वर्षी ६ जुलैला मोर यांचा शिरच्छेद झाला.

आता आपल्या घरातील गोष्ट. ‘देवाची इच्छा’ हे शब्द आपल्याकडे सर्वाधिक कोठे ऐकू येतात? प्रेतयात्रेत. तरुण मुलगा गेलेला असतो, आई भिंतीला टेकून बसलेली असते, आणि येणारा प्रत्येक जण तेच दोन शब्द ठेवून जातो. आम्ही पुरोहितही त्यात मागे नसतो. हेतू चांगला असतो, यात शंका नाही. परंतु गेथशेमानेतील वाक्याशी या वाक्याची तुलना करून पाहावी. तेथे द्वितीय पुरुष आहे: तुझी इच्छा. येथे तृतीय पुरुष आहे: त्याची इच्छा. तेथे बोलणारा तोच आहे, ज्याला प्याला प्यायचा आहे. येथे बोलणारा थोड्या वेळाने घरी जेवावयास जाणार आहे. त्या रात्री बागेत कोणीही येशूला, ही देवाची इच्छा आहे, असे समजाविले नाही. ईयोबाचे मित्रही देवाविषयी बोलत राहिले; ईयोब देवाशी बोलला, भांडलादेखील. शेवटी देवाने कोणाचे बोलणे यथार्थ ठरविले, हे त्या ग्रंथाच्या अखेरच्या अध्यायात आहे.

याच्या उलट टोकाला दुसरी चूक आहे. माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाला हजारो माणसे येतात; वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय, मेणाचे घर, मेणाचे बाळ वाहिले जाते. सुशिक्षित मंडळी यावर नाक मुरडतात, ते आम्हाला पटत नाही. मेणाचा पाय हीदेखील गेथशेमानेतील पहिल्या वाक्यासारखी उघडी मागणी आहे. आमची तक्रार तेथील भक्तांविषयी नाही. ती आहे हाती पडणाऱ्या काही प्रार्थनापुस्तिकांविषयी, ज्यांत अमुक दिवस, अमुक वेळा म्हटल्यास फळ निश्चित, अशी हमी छापलेली असते. अशा पुस्तिकेत पहिले वाक्य असते, ‘तरी’ला मात्र जागाच ठेवलेली नसते. आणि फळ मिळाले नाही तर दोष भक्ताच्या विश्वासावर जातो, ही त्यातील सर्वांत क्रूर गोष्ट. पौलाने आपला काटा काढावा म्हणून तीनदा विनविले आणि काटा राहिला. त्याचा विश्वास उणा होता, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? अक्वायनस म्हणतात, आपण प्रार्थना करतो ती देवाचा संकल्प बदलण्यासाठी नव्हे, तर प्रार्थनेद्वारेच जे मिळावे असे त्याने योजिले आहे ते मिळावे म्हणून. हमीपत्राची भाषा या वाक्याजवळ टिकत नाही.

येथे इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील एक विधान वाचकाला अडखळविते. येशूने मोठ्या आक्रोशाने, अश्रू ढाळीत, मरणातून तारण्यास समर्थ असलेल्याची प्रार्थना केली आणि ती ऐकली गेली, अशा अर्थाचे ते आहे. ऐकली गेली? दुसऱ्या दिवशी तो क्रूसावर होता. काही भाष्यकार पुनरुत्थानाकडे बोट दाखवितात, आणि ते योग्यच आहे. परंतु मत्तयाचा मजकूर पुन्हा पाहता आम्हाला वाटते, उत्तराची सुरुवात बागेतच झाली होती, पहिल्या आणि दुसऱ्या प्रार्थनेच्या दरम्यान. जो जमिनीवर पालथा पडला होता तो शेवटी उठून, चला, म्हणतो. प्याला तोच होता.

झावळ्यांच्या रविवारी दुःखसहनाचा वृत्तान्त तीन वर्षांच्या चक्राने वाचला जातो: एका वर्षी मत्तय, पुढच्या वर्षी मार्क, त्यापुढे लूक. शुभ शुक्रवारी मात्र दरवर्षी योहान. म्हणजे तीन वर्षांत या तिन्ही बागांतून फिरण्याची संधी प्रत्येक कुटुंबाला मिळते. परंतु वाचनग्रंथात संक्षिप्त पाठाचीही सोय आहे आणि ऊन, गर्दी, झावळ्यांची मिरवणूक लांबलेली, अशा कारणांनी अनेक ठिकाणी तोच निवडला जातो. तो पिलातापासून सुरू होतो. गेथशेमाने त्यात नाहीच. ज्यांनी वर्षानुवर्षे एवढाच पाठ ऐकला त्यांना आपण ‘तुझी इच्छा’ म्हणावयास शिकवितो, पण ती ज्या मागणीनंतर आली ती मागणी ऐकू देत नाही. यंदा दीर्घ पाठ वाचावा. आणि प्याला दूर करण्याच्या वाक्यानंतर वाचणाऱ्याने क्षणभर थांबावे, ‘तरी’वर लगेच उडी घेऊ नये. येशूचे शब्द बहुधा पुरोहितच वाचतो, तेव्हा हे काम त्याचे.