सांध्यांचं शहर : च्वानचौ

तैवानच्या समोर, चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर फूच्येन प्रांतात च्वानचौ आहे. मार्को पोलो आणि इब्न बतूता यांनी ज्या झैतून बंदराचं तोंड भरून वर्णन केलं, ते हेच. दहाव्या शतकात तट वाढवला गेला तेव्हा त्याच्याभोवती पांगाऱ्याची झाडं लावली होती. पांगारा आजही या शहराचं मानाचं फूल आहे. सोंग आणि युआन राजवटींच्या काळात जगातल्या सर्वांत गजबजलेल्या बंदरांत च्वानचौची गणना होत असे. 2021 साली इथली 22 स्थळं जागतिक वारशाच्या यादीत आली.

बावीसही स्थळं गाडीने पाहून होतात. जुनं शहर मात्र पायीच पाहावं, आणि तेही गावातल्या माणसाबरोबर. याचं कारण शहराच्या घडणीतच आहे. च्वानचौमध्ये इमारती सुंदर आहेतच, पण खरा रस आहे तो एका इमारतीत दुसरीचा दगड कसा येऊन बसला यात. हे सांधे लांबून दिसत नाहीत आणि पाटीवर त्यांची नोंदही बहुधा नसते. कुणीतरी हाताला धरून तिथे उभं करावं लागतं.

आम्हाला उभं केलं ते शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी. गल्लीतले दुकानदार त्यांना 'लाओशी' म्हणतात; शिक्षकाला हाक मारायची चीनमधली ही रीत. आम्हीही तेच म्हणू लागलो. पाठीवर पिशवी, हातात छोटी दुर्बीण, आणि बोलणं बेताचं. कुठे थांबायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि थांबल्यावर लगेच माहिती सांगायला सुरुवात करायची नाही हेही. आधी आम्ही पाहायचं, मग त्या बोलणार.

सुरुवात काइयुआन मंदिरापासून झाली. हे बौद्ध मंदिर 686 सालचं. मालकाच्या तुतीच्या बागेत कमळं उमलली आणि त्याने जागा भिक्षूंना देऊन टाकली, अशी कथा आहे. तीन फाटे झालेली एक जुनाट तुती तिथे अजून जगते आहे. बहुतेक जण आवारात शिरले की माना वर करून दोन दगडी मनोऱ्यांकडे पाहतात. लाओशींनी आम्हाला खाली पाहायला लावलं. मुख्य सभागृहासमोरच्या चौथऱ्याच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवर, हिरवट करड्या दगडाच्या पट्ट्या बसवल्या आहेत. त्यांवर सिंह आहेत, आणि सिंहाचं धड व माणसाचा चेहरा असलेले प्राणीही. अशा पट्ट्या 70हून अधिक आहेत. बौद्ध मंदिराच्या पायाशी या आकृती अनोळखी वाटतात, आणि त्या तशा आहेतच.

आत गेलं की नजर आपोआप वर जाते. तुळयांना आधार देणाऱ्या लाकडी ब्रॅकेटांच्या जागी पंख पसरलेल्या 24 स्त्रिया आहेत. कुणाच्या हातात वाद्य, कुणाच्या हातात नैवेद्य. छताचा भार त्यांच्या पाठीवर असला तरी चेहऱ्यावर ओझ्याचा मागमूस नाही. सुतारकामातला एक अवघड सांधा शिल्पकाराने गंधर्वलोकाच्या हवाली केला, एवढंच म्हणता येईल. चीनमधली याहून भव्य लाकडी सभागृहं पुष्कळ आहेत. इतकी गोड कल्पना मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मग त्यांनी आम्हाला मागच्या पडवीत नेलं. तिथे गर्दी नव्हती. सोळा कोनांचे दोन दगडी खांब, त्यांच्या चौरस भागांवर वर्तुळाकार चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत एक प्रसंग. लाओशी काहीच बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. एका चौकटीत मांडीवर आडवा घेतलेला हिरण्यकशिपू आणि त्याचं पोट फाडणारा नरसिंह होता. दुसरीत दोन झाडांच्या मधला बाळकृष्ण, यमलार्जुनाच्या गोष्टीतला. चौकट जेमतेम हातभर रुंद, त्यामुळे शिल्पकाराने पसारा टाळून नेमकं तेवढंच ठेवलं आहे : नरसिंहाचे पसरलेले हात, राक्षसाचं लोंबतं डोकं. हात मात्र इथल्या कारागिराचे असावेत असं वाटतं, कारण शेजारच्याच चौकटींत अस्सल चिनी नक्षी आहे. दक्षिण भारतातून आलेल्या मजकुराला फूच्येनच्या छिन्नीचं वळण मिळालं आहे.

हे दगड आले कुठून, याचा धागा एका शिलालेखात सापडतो. 1281 साली संबंध पेरुमाळ नावाच्या तमिळ माणसाने इथे शिवाची प्रतिष्ठापना केली आणि ती मोंगल सम्राटाच्या, म्हणजे कुबलाई खानाच्या, आरोग्यासाठी असल्याचं तमिळमध्ये कोरून ठेवलं. शेवटची ओळ चिनी आहे. तमिळ व्यापाऱ्यांची इथे चांगली वस्ती होती. ते देऊळ पुढे उरलं नाही. मिंग काळात काइयुआनची डागडुजी झाली तेव्हा त्या हिंदू वास्तूचे खांब आणि पट्ट्या इथे बसवल्या गेल्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. च्वानचौबद्दल लिहिताना 'सर्वधर्मसमभावाचं शहर' असं सरधोपट म्हणायची पद्धत पडली आहे. तसं म्हणून भागत नाही. 1357 ते 1366 या काळात इथल्या परदेशी फौजेचं बंड झालं. ते मोडलं गेलं तेव्हा परदेशी वस्त्यांवर भयंकर सूड उगवला गेला, आणि बंदराची रया त्यानंतर गेली ती गेलीच. पडवीतले खांब सुखासुखी तिथे आलेले नाहीत. तरीही ज्यांनी ते बसवले त्यांनी नरसिंह घासून टाकला नाही की भिंतीच्या आत तोंड करून गाडला नाही. दर्शनी बाजू दर्शनीच ठेवली. मला या शहरात सर्वांत मोलाची वाटली ती ही गोष्ट, आणि तिच्या आधीचा रक्तपात माहीत असला तरच तिचं मोल कळतं.

पश्चिमेचा मनोरा दगडात 1237 साली पुरा झाला, पूर्वेचा 1250 साली. दोघांनीही 1604चा मोठा भूकंप सोसला. पश्चिमेच्या मनोऱ्याच्या चौथ्या मजल्यावर तलवार घेतलेला, वानराच्या तोंडाचा एक वीर कोरला आहे. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही; लाओशींची दुर्बीण यासाठीच होती. 'पश्चिमेची यात्रा' या कादंबरीतला वानरराज सुन वूखोंग हा या वीराचा वंशज असं काही अभ्यासक मानतात, तर काहींना यात हनुमानाचा अंश दिसतो. कादंबरी छापली गेली 1592 साली, म्हणजे हा वानर तिच्याआधी साडेतीन शतकं इथे पहाऱ्यावर आहे. पूर्वज कोण याचा निकाल लागेल तेव्हा लागो. भुवया, कमरेचा भोपळा आणि तलवारीची पकड डोळे भरून पाहावी अशी आहे.

मंदिरासमोरचा शी जिए, म्हणजे पश्चिम रस्ता, आता पर्यटकांनी भरून गेला आहे. डोक्यात फुलांची चक्रं माळून फोटो काढून घेणाऱ्या मुली, दुकानादुकानातून भोंगे. ही फुलं मूळची श्युनफू गावातल्या कोळणींची. तिथे ती रोजच्या साजशृंगाराचा भाग आहेत, इथे भाड्याने मिळतात. रस्त्यावर रेंगाळू नये. पन्नास पावलांवर एखादी गल्ली पकडली की आवाज मागे पडतो आणि जुनी घरं सुरू होतात : लाल विटा, दोन्ही टोकांना पाकोळीच्या शेपटीसारखं दुभंगलेलं आढं.

या गल्ल्यांमधल्या भिंतींसमोर मात्र थांबायलाच हवं. ओबडधोबड पांढरट ग्रॅनाइटचे तुकडे उभे रचलेले आणि त्यांच्या मधल्या जागेत तुटक्या लाल विटा व कौलांचे थर आडवे. भूकंपानंतर उरलेल्या ढिगाऱ्यातून लोकांनी घरं उभी केली आणि ही रीत रूढ झाली, असं गावात सांगतात. लाओशींनी आमचा हात भिंतीवर ठेवला. विटेची कड दगडापेक्षा किंचित पुढे आलेली हाताला कळते. विटा बाहेर, दगड आत. म्हणूनच भिंत सपाट न दिसता कापडाच्या विणीसारखी दिसते. गवंड्याने प्रत्येक तुकडा हातात घेऊन त्याची जागा ठरवली असणार. नवीन हॉटेलांच्या दर्शनी भिंतींवरही हल्ली अशी रचना करतात, पण तिथे सारे तुकडे एका मापाचे असतात. एकदा खरी भिंत पाहिली की नक्कल लगेच ओळखू येते.

कोपऱ्यावरच्या टपरीत म्येनश्येन हू खाल्लं. केसासारख्या बारीक शेवयांची ही दाट पेज असते, वर आवडीप्रमाणे कालवं किंवा तळलेला पाव. सकाळच्या चालण्याला याहून चांगला आधार नाही.

चुंगशान रस्त्याच्या कमानींच्या सावलीतून दक्षिणेला गेलं की थूमन रस्ता लागतो. तिथे छिंगचिंग मशीद आहे, 1009 साली बांधलेली. तिच्या दगडी प्रवेशद्वारात एकामागे एक टोकदार कमानी आहेत. नमाजाच्या जुन्या दालनावर आज छप्पर नाही. खांबांचे बुंधे आणि भिंतीतली अरबी अक्षरं उघड्या आभाळाखाली आहेत. 1407 साली युंगल सम्राटाने मुसलमानांना त्रास देऊ नये असा हुकूम काढला होता, त्याचा शिलालेखही इथे आहे. कोवळं ऊन तिरपं पडतं तेव्हा अक्षरांच्या कडा उठून दिसतात, म्हणून लाओशी सकाळीच इथे आणतात.

मशिदीला लागूनच क्वान यू या वीरदैवताचं मंदिर आहे, आणि तिथे कौल लावायला रांग असते. लाकडाचे चंद्रकोरीच्या आकाराचे दोन तुकडे, प्रत्येकाची एक बाजू सपाट, एक फुगीर. प्रश्न मनात धरून ते जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली की देवाचा होकार. एक तरुण मुलगा पुन्हापुन्हा टाकत होता. तिसऱ्यांदा होकार आला तेव्हा त्याने तुकडे दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावले. कोकणातल्या, गोव्यातल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावं लागणार नाही. तेवढ्यात उदबत्त्यांचा धूर भिंत ओलांडून मशिदीच्या आवाराकडे वळला. मशीद आणि हे मंदिर, दोन्ही आवारं शतकानुशतकं अशीच भिंतीला भिंत लावून आहेत.

दक्षिणेच्या टोकाला त्येनहौ मंदिर, 1196 सालचं, खलाशांची रक्षणकर्ती माझू हिचं. तिथल्या मागच्या दालनासमोर पुन्हा सोळा कोनांच्या खांबांची जोडी भेटते. आता ती आम्ही न सांगता ओळखली, आणि लाओशी पहिल्यांदा मनापासून हसल्या. समोरच देजी या जुन्या दक्षिण वेशीच्या पायाचं उत्खनन झालं आहे. त्या पायातही निरनिराळ्या धर्मांच्या वास्तूंचे कोरीव दगड निघाले.

सांध्यांचा विचार करताना शहराबाहेरचा ल्वोयांग पूलही आठवतो. 1053 ते 1059 या काळात, खाडीच्या भरती-ओहोटीत, त्साय श्यांग या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली तो बांधला गेला. पायाचे दगड एकमेकांना धरून राहावेत म्हणून त्यांच्यावर कालवं वाढवली होती. ओहोटीला खाली उतरून पाहिलं की दगडावर कालवांचे थर आजही दिसतात.

हे सगळं आपल्यापर्यंत टिकून आलं त्यात एका शिक्षकाचा मोठा वाटा आहे. वू वनल्यांग हे इथल्या माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवत. विसाव्या शतकात शहराचे तट पाडले गेले तेव्हा त्यांतून अरबी थडगी, ख्रिस्ती क्रूस, हिंदू मूर्ती बाहेर पडू लागल्या आणि पाथरवटांकडे जाऊ लागल्या. वू यांनी पदरमोड करून ते दगड घेतले, घराच्या अंगणात साठवले, आणि 1957 साली त्यांवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. आपला संग्रह त्यांनी सरकारला देऊन टाकला. आज तो च्वानचौच्या सागरी संग्रहालयात आहे. त्याच शहरात 1974 साली खाडीच्या गाळातून काढलेलं, तेरा बंदिस्त कप्प्यांचं सोंगकालीन गलबतही जतन केलं आहे.

लाओशींनी संग्रहालय शेवटी ठेवलं, आणि हा क्रम योग्यच होता. दगड आधी भिंतीत पाहावेत आणि काचेआड नंतर. च्वानचौला जाणाऱ्या मराठी वाचकाला माझा आग्रह एवढाच : बावीस स्थळांच्या यादीतली अर्धी सुटली तरी चालतील, पण जुन्या शहरासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवा आणि तो गावातल्या जाणत्या माणसाच्या चालीने चाला.