पराभूतांचे पुस्तक आणि हाकललेल्या बायका

पराभूतांचे वाङ्मय म्हणजे आपोआप शोषितांचे वाङ्मय, असे आपण सहज धरून चालतो. बायबलच्या जुन्या करारातील एज्राचे पुस्तक वाचताना हे गृहीतक टिकत नाही, असे माझे मत आहे.

इ. स. पूर्व 586 च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम उद्ध्वस्त केले, मंदिर जाळले आणि समाजाचा वरचा थर कैद करून नेला. मागे उरली ती अगदी दरिद्री माणसे; द्राक्षमळे राखायला आणि नांगर धरायला. राजा गेला, मंदिर गेले, भूमी गेली. अशा स्थितीत कितीतरी पराभूत समाज जेत्यांत विरघळून गेले. यहुदी विरघळले नाहीत. त्यांनी आपली स्मृती लिहून काढली आणि ग्रंथालाच आपला देश केले. हा निर्णय थोर होता. इ. स. 70 मध्ये रोमनांनी दुसरे मंदिरही पाडले, तरी हा समाज उरला त्याचे एक मोठे कारण हा ग्रंथ आहे.

परंतु याच निर्णयाच्या पोटात दुसरा निर्णय होता. इराणच्या सायरसने परतीची मुभा दिल्यावर हे लोक यरुशलेमला आले. त्या भूमीवर राहणारे, त्याच देवाला भजणारे लोक मंदिर बांधायला हात द्यायला आले, तेव्हा त्यांना नकार मिळाला. ज्या याजकांची नावे वंशावळीत सापडली नाहीत, त्यांना अशुद्ध ठरवून बाजूला काढले. पुढे एज्राच्या काळात परक्या बायकांना, त्यांच्या मुलांसकट, घालवून देण्याचे ठरले.

या पुस्तकाचा खरा वाङ्मयप्रकार यादी हाच आहे. कोण परतले, कोणाचे कूळ सिद्ध झाले, कोणी परक्या बायका केल्या, याच्या याद्या. त्या शेवटच्या यादीत नवऱ्यांची नावे आहेत, बायकांपैकी एकीचेही नाही. त्या कोठे गेल्या, काय बोलल्या, याविषयी पुस्तक मुके आहे. परक्यांच्या टाचेखाली चिरडलेल्या समाजाची भीती मी समजू शकतो. पण त्या भीतीची किंमत कोणी मोजली?

1916 साली बाबासाहेबांनी आपल्या निबंधात जातीचे मर्म म्हणून जातीबाहेरच्या विवाहबंदीकडे बोट दाखवले होते. ते सूत्र हाताशी असले की एज्राची यादी आपल्याला परकी वाटत नाही.

आणि तिची सावली मराठी माणसांवरही पडली. कोकणातले बेने इस्रायल तेलाचा धंदा करीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून ते शनिवार तेली. त्यांच्यातही गोरे आणि काळे असा भेद होता, त्यांच्यात बेटीव्यवहार नसे. यांतले अनेकजण इस्रायलला गेले, तेव्हा 1962 साली तेथील मुख्य धर्मपीठाने विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. हा आदेश एज्राच्या पोथीतून सरळ निघाला असे मी म्हणत नाही. वंश तपासण्याची वृत्ती मात्र तीच. बेने इस्रायल रस्त्यावर उतरले आणि 1964 साली त्यांचे समान यहुदीपण सरकारला मान्य करावे लागले.

त्याच जुन्या करारात रूथची कथाही आहे. परकी मवाबी विधवा, शेतात सरवा वेचणारी, आणि दावीद राजाची पणजी. अनेक अभ्यासक तिला एज्राच्या धोरणाला दिलेले उत्तर मानतात. मलाही ते पटते. यादीने जिला हाकलले, तिला कथेने नाव दिले.

आपणही पराभवाच्या राखेतून लिहू लागलेले लोक आहोत. आपल्या लेखनात पोटजातींच्या, बायकांच्या नावांना जागा नसेल, तर विद्रोहाच्या नावाने आपणही यादीच लिहीत असू. आपल्या समीक्षेने आधी ती यादी तपासावी.