‘129 वर्षांत पहिल्यांदाच’: एका वाक्याची उलटतपासणी

‘चक्रीवादळ आणि शहरातल्या फ्लॅटमधलं जगणं’ असा विषय सिनॉप्सिससाठी डोक्यात असेल तर जरूर घ्या. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ आलं तेव्हा लॉकडाऊन होता, अख्खी मुंबई घरात होती. मुलाखतींना माणसांची कमी पडणार नाही. पण या विषयावरच्या लिखाणात एक वाक्य हमखास भेटतं: ‘मुंबईवर 129 वर्षांनी चक्रीवादळ आदळलं.’ ते तसंच उचलू नका.

आधी जागा बघा. हवामान विभागाच्या नोंदीप्रमाणे वादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या त्या श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडे. आता काळ बघा. 1891 चा उल्लेख ज्या विधानात होता, त्याला दोन अटी होत्या: जून महिना आणि वादळाची तीव्रता. मथळा होताना दोन्ही गळाल्या. अटी काढल्या की वाक्य टिकत नाही, कारण नोव्हेंबर 1948 मध्ये मुंबईला चक्रीवादळाचा तडाखा बसला होता आणि 11 नोव्हेंबर 2009 ला ‘फयान’ अलिबाग-मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आलं होतं.

याच्या उलटही होतं. 1882 च्या जूनमध्ये मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसं मेली, ही माहिती कितीतरी ठिकाणी छापलेली सापडते. अ‍ॅडम सोबेल आणि सहकाऱ्यांनी (त्यांत पुण्याच्या आयआयटीएमचे शास्त्रज्ञही होते) 2019 मध्ये ‘मंथली वेदर रिव्ह्यू’त हा दावा तपासला आणि असं वादळ झालंच नव्हतं, असा निष्कर्ष काढला. तुम्हीही साधा हिशेब करून बघा. 1881 च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे दर आठ माणसांत एक गेला असता. एवढं झालं असतं तर त्या वेळच्या वर्तमानपत्रांत, पालिकेच्या मृत्युनोंदीत त्याचा मागमूस नको का? दहा ठिकाणी छापलंय म्हणजे दहा पुरावे झाले, असं नसतं. दहाही जण एकाच चुकीची नक्कल करत असू शकतात.

मग फ्लॅटमधल्या माणसाचं ऐकायचंच नाही का? ऐकायचं, पण तो कशाचा साक्षीदार आहे ते ठरवून. वीज किती तास गेली, पंप बंद पडल्यावर टाकीतलं पाणी किती पुरलं, लिफ्ट बंद असताना वरच्या मजल्यावरच्या आजींना औषध कोणी आणून दिलं, सरकत्या खिडकीच्या फटीतून पाणी कुठवर आलं, हे त्याच्याइतकं कोणी सांगू शकणार नाही. ‘129 वर्षांत पहिलंच’ हे मात्र त्याने टीव्हीवर ऐकलेलं असतं. मुलाखत उतरवताना ‘पाहिलं’ आणि ‘ऐकलं’ असे दोन रकाने करा. ‘ऐकलं’ हा रकानाही फेकू नका. भीती किंवा निर्धास्तपणा कुठून आला, ते त्यात कळतं.

हे मुंबईपुरतंच नाही. 2017 ची दत्तजयंती 3 डिसेंबरला होती. आमच्या सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरलेली असताना ‘ओखी’ सुरतेकडे सरकत होतं. किनाऱ्यावर पोचेपर्यंत ते विरलं. सुरतेच्या फ्लॅटमध्ये विचाराल तर ‘वादळ आलंच नाही’ असं उत्तर मिळू शकतं. पण यात्रेत राहुटी टाकून, जनावरं घेऊन बसलेल्या माणसाला तो अंदाज कोणी, कोणत्या भाषेत सांगितला होता? हा प्रश्न मथळ्यांवरून सुचत नाही.

‘पहिल्यांदाच’ या शब्दाने नुसता आकडा चुकत नाही. ‘असं कधी होतच नाही’ म्हटलं की तयारी न करण्याला कारण मिळतं, आणि 1948, 2009 ज्यांनी भोगलं त्यांची नोंद पुसली जाते. तुमच्या प्रकरणात हा शब्द आला, तर तो कुठून आला आणि वाटेत काय गळलं, हे आधी शोधा.