संथ शटर आणि चर्चगेटची गर्दी

शटरचा वेग शिकवताना बहुतेक टिपणांत एकच नियम सांगितलेला असतो: समोरची वस्तू हलत असेल तर शटर जलद ठेवा, नाहीतर चित्र धूसर येईल. हा नियम चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तो कुठे अपुरा पडतो हे पाहण्यासाठी रघु राय यांचे मुंबईच्या चर्चगेट स्थानकावरचे १९९५ मधील छायाचित्र शोधून समोर ठेवा. राय दिल्लीचे छायाचित्रकार. शिक्षण मात्र स्थापत्य अभियांत्रिकीचे.

चित्रात लोकलच्या प्रवाशांची गर्दी धुरासारखी वाहते आहे आणि तिच्यामध्ये वर्तमानपत्र वाचत थांबलेली माणसे ठळक उमटली आहेत. कॅमेरा हलला असता तर तीही पुसट आली असती. म्हणजे इथला धूसरपणा हात हलल्याचा नाही, गर्दीच्या चालण्याचा आहे.

शटर उघडे असेपर्यंत फिल्म किंवा सेन्सर प्रकाशाची बेरीज करत असतो. चालणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरा. १/३० सेकंदात तो ४ सेंटिमीटर सरकतो, १/२ सेकंदात ६० सेंटिमीटर. शटर चार स्टॉप संथ केले की ॲपर्चर एफ/२.८ वरून एफ/११ वर न्यायचे. एक्स्पोजर तेवढेच राहते, पण चित्राचा अर्थ बदलतो. परीक्षेत आपण हे गणित विचारतो, अर्थ मात्र विचारत नाही.

आता एक आक्षेप. संथ शटरने धावणाऱ्यांचे चेहरे पुसले जातात आणि थांबलेल्यांनाच चेहरा मिळतो. डागेर यांनी १८३८ च्या सुमारास टिपलेल्या पॅरिसच्या रस्त्यावर हेच घडले: रहदारी नाहीशी झाली आणि बूट पॉलिश करून घेणारा माणूस उरला. पण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. राय यांच्यापुढे होता, म्हणून त्यांना जाब विचारता येतो.

माझ्या मते चित्र या आक्षेपाला उत्तर देते. वाचणारे आणि धावणारे हे दोन वर्ग नाहीत. आत्ता वर्तमानपत्रात डोके घातलेला माणूस गाडी आली की त्याच धुरात मिसळणार आहे. चित्र दाखवते ते एकाच प्रवाशाच्या दोन अवस्था.

या तंत्राच्या अनेक नकला फसतात, कारण त्यांत सगळेच वाहते. काहीतरी स्थिर असल्याशिवाय वेग जाणवत नाही.

सराव: कॉलेज सुटताना फाटकाजवळ कॅमेरा तिपाईवर ठेवा. तेच दृश्य १/२५० आणि १/४ सेकंदाला टिपा. ॲपर्चर आणि आयएसओ बदलून एक्स्पोजर सारखे ठेवा. मग दोन्ही चित्रांखाली एकेक वाक्य लिहा: इथे चेहरा कोणाचा राहिला, कोणाचा गेला, आणि ते योग्य झाले का?