गुढी कोणी उभारायची?

रायपूरच्या शंकर नगरात चैत्र शुद्ध प्रतिपदेला मराठी घराच्या गॅलरीत गुढी उभी राहते, तर शेजारच्या छत्तीसगढी घरात नवरात्र बसते आणि जवारा पेरला जातो. नऊ दिवसांनी हे गव्हाचे अंकुर बायका डोक्यावर घेऊन विसर्जनाला निघतात, तेव्हा सारी गल्ली बाहेर येते. आपली गुढी त्याच दिवशी सूर्यास्ताला उतरते, आणि बहुधा घरच्यांखेरीज कोणाला कळतही नाही. तिचा आध्यात्मिक अर्थ विचारला तर हल्ली ठरलेले उत्तर मिळते: काठी म्हणजे पाठीचा कणा, पालथा तांब्या म्हणजे मस्तक. उत्तर डौलदार आहे खरे, पण त्यात दुसऱ्या माणसाला जागाच नाही. मराठी कवितेतली गुढी इतकी एकटी नाही.

ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात अवतारकार्याचे वर्णन येते. देव अधर्माची हद्द मोडतो, दोषांचे लिहून ठेवलेले कागद फाडतो. ही कामे त्याची स्वतःची. सुखाची गुढी मात्र तो सज्जनांकरवी उभारवतो. त्या ओवीचे मर्म मला या 'करवीं'त दिसते. जे स्वतः सहज करता आले असते, ते देव माणसांच्या हाती सोपवतो.

चोखोबांच्या नावावरच्या प्रसिद्ध अभंगात टाळी वाजवायला, गुढी उभारायला आणि पंढरीची वाट चालायला सांगितले आहे. या गुढीला तिथी नाही, उंबरठाही नाही. ती वाटेवरची आहे. हे सांगणाऱ्याला मंदिरात प्रवेश नव्हता. त्याची समाधी महाद्वाराबाहेर आहे, आणि साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते मंदिर दलितांना खुले झाले ते १९४७ साली. आत जाता येत नसलेला माणूस आनंदाची आज्ञा देतो आहे, हे लक्षात ठेवून अभंग वाचला की टाळीचा आवाज वेगळा लागतो. आपण तो भजनाच्या ठेक्यात फार झटपट म्हणून टाकतो.

बहिणाबाई चौधरींची 'गुढी उभारनी' (संग्रह १९५२चा, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी आलेला) या दोहोंपेक्षा घरगुती आहे आणि जास्त अवघडही. मनातली अढी सोडा, एकमेकांवर लोभ वाढवा, असे ती सांगते. शुभेच्छांमधून फिरतो तो हाच भाग. पुढे बहिणाबाई भाषेलाच हात घालतात. 'पाडवा' या शब्दात पडणे ऐकू येते, मग उभारण्याच्या सणाला हे नाव कसे? त्या स्वतःची दुरुस्ती सुचवतात आणि लोकांच्या तऱ्हेला भांग प्यायल्यासारखी म्हणतात. लिहितावाचता न येणाऱ्या बाईने केलेली ही शब्दचिकित्सा कणा-मस्तकाच्या रूपकापेक्षा मला कितीतरी खोल वाटते, कारण ती सणाचा अर्थ वस्तूत शोधत नाही, क्रियापदात शोधते.

पण त्याच कवितेत एक राधी आहे. महार समाजातली ही बाई अंगण झाडून गेलीसुद्धा; घरचे अजून घोरत पडले आहेत. कविता त्यांना उठवते, घर सारवायला लावते, दारी गुढी उभारायला सांगते. राधी परत येत नाही. येरायेरांवर वाढवायच्या त्या लोभात ती धरली आहे का, याचे उत्तर कविता देत नाही. बहिणाबाईंनी तिला नावानिशी आणले, पहाटेचे पहिले काम तिच्या नावावर टाकले, आणि झोपलेल्यांना तिच्याकडे बोट दाखवून लाजवले, एवढे मी त्यांच्या बाजूने म्हणेन. तरीही चोखोबांच्या अभंगाशेजारी हे कडवे ठेवले की ते टोचते. तिथे गुढी उभारा म्हणणारा महार होता; इथे ती उभी राहायच्या आत राधी अंगणातून निघून गेली आहे. पाडव्याला ही कविता म्हणणाऱ्यांनी हे कडवे गाळू नये.